काळा साप, सोनेरी साप

७. डी. एच. लॉरेन्स १९२० ते १९२२ या काळात सिसिलीतल्या ताओर्मिना गावी राहत होते. ‘स्नेक’ ही कविता तिथली. ती १९२३च्या ‘बर्ड्स, बीस्ट्स अँड फ्लॉवर्स’ या संग्रहात आहे. तिथले काळे साप निरुपद्रवी आणि सोनेरी साप विषारी, असं कवीला त्याचं शिक्षण सांगतं. कवितेतला पेच त्यातूनच उभा राहतो.

तुमसरच्या वर्गात ही कविता शिकवताना या ओळीवर जरूर थांबावं, कारण आपल्या धानपट्ट्यात हा हिशेब उलटा पडतो. मण्यार काळीच असते, अंगावर बारीक पांढरे आडवे पट्टे, आणि ती अत्यंत विषारी. पिवळसर तपकिरी धामण मात्र बिनविषारी. बांधीतले उंदीर तीच खाते. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या माणसाला मण्यार रात्री चावते आणि दंश फारसा दुखतही नाही. रंगावर विसंबू नये. साप चावला तर मांत्रिकाकडे न नेता थेट दवाखान्यात न्यावं.

कवितेत माणूस घागर घेऊन सापामागे आपल्या पाळीची वाट पाहतो. पाणवठ्यावरची ही रीत आपल्या मुलांना समजावून सांगावी लागत नाही. साप बिळात शिरू लागताच मात्र तो लाकूड फेकतो. नंतर त्याला शरम वाटते आणि आल्बाट्रॉस आठवतो : कोलरिजच्या १७९८च्या कवितेत खलाशाने विनाकारण मारलेला समुद्रपक्षी. माझ्या मते कवितेचा गाभा भीतीत नसून या शरमेत आहे.