सिलिकॉनच्या गावात जर्मेनियम

आम्ही दुबईत राहतो त्या भागाचं नाव सिलिकॉन ओएसिस. नाव ऐकून चिपळूणच्या मंडळींना वाटतं की इथे घरोघरी कॉम्प्युटरच्या चिपा बनत असतील, कारखान्यांची धुराडी असतील. तसं काही नाही हो! देरा आणि बर दुबईच्या गर्दीपासून लांब, वाळवंटाच्या अंगाला वसवलेली ७.२ चौरस किलोमीटरची ही वसाहत. २००५ साली कायदा होऊन तिचं वेगळं प्राधिकरण झालं, २०२१ मध्ये ते दुसऱ्या एका मोठ्या प्राधिकरणात सामावलं. कंपन्यांची ऑफिसं, एक-दोन कॉलेजं आणि बाकी आमच्यासारख्यांचे फ्लॅट. सिलिकॉन म्हणाल तर ते सगळ्यांच्या खिशातल्या मोबाईलमध्ये.

आज लिहायचंय ते मात्र सिलिकॉनच्या थोरल्या भावाबद्दल, म्हणजे जर्मेनियमबद्दल. आणि अण्णांच्या अँप्लिफायरबद्दल.

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं ते तुम्ही सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं असेल. आमच्या घरात छातीएवढं पाणी होतं. खालचं सगळं गेलं, माळ्यावरचं तेवढं वाचलं. पुढच्या वर्षी माझे वडील, म्हणजे अण्णा, आमच्याकडे राहायला आले. त्यांच्या हातातल्या पिशवीत पंच्यात गुंडाळलेला एक प्लायवूडचा खोका होता. विमानतळावर तो स्कॅनरमध्ये दिसला आणि तपासनीसाने उघडायला लावला. आत तारा, गोल डबे आणि डाग दिलेली पट्टी! अण्णांनी त्याला शांतपणे मराठीत सगळं समजावलं म्हणे. सोडलं बाबा त्याने.

तो खोका म्हणजे अण्णांनी १९७४ साली, शिवराज्याभिषेकाला ३०० वर्षं झाली त्या वर्षी, घरी बांधलेला ट्रान्झिस्टरचा अँप्लिफायर. अण्णा डेपोत इलेक्ट्रिशियन. ड्यूटी संपली की रात्री ओटीवर बसून डाग देत. त्या खोक्यावर आमच्या वाडीतल्या कितीतरी आरत्या आणि भजनं झाली.

जुलैत एका दुपारी तो खोका मी काचेच्या बंद बाल्कनीत ठेवला. त्याच्या गुणगुणीचा घरात त्रास नको, एवढाच हेतू. बाहेर ४६ अंश, काचेच्या आत किती असेल ते विचारू नका. भजन चालू होतं. थोड्या वेळाने आवाज घोगरा झाला, मग नुसतीच घरघर, मग करपल्याचा वास. धावत जाऊन बटण बंद केलं. शेवटच्या जोडीतल्या एसी १२८ ला बोट लावलं तर चटकाच बसला. ४८ वर्षं कोकणात चाललेली वस्तू मी एका दुपारात मारली होती.

हे का झालं ते सांगायला थोडं मागे जावं लागेल.

डिसेंबर १९४७ मध्ये अमेरिकेत बेल लॅबमध्ये जॉन बार्डीन आणि वॉल्टर ब्रॅटन यांनी पहिला ट्रान्झिस्टर चालवून दाखवला. २३ तारखेला वरिष्ठांसमोर जे प्रात्यक्षिक झालं ते कशाचं होतं माहितीय? माणसाचं बोलणं मोठं करून ऐकवण्याचं. ट्रान्झिस्टरने जगात केलेलं पहिलं काम अँप्लिफायरचंच! तो ट्रान्झिस्टर जर्मेनियमचा होता. जर्मेनियम वितळतं ९३८ अंशांना, सिलिकॉन १४१४ अंशांना, आणि वितळलेलं सिलिकॉन ज्या भांड्यात ठेवाल त्या भांड्यालाच खातं. त्यामुळे शुद्ध जर्मेनियम बनवणं सोपं होतं आणि सुरुवातीचा सगळा धंदा त्याच्यावर चालला.

पण जर्मेनियमची एक खोड होती. ट्रान्झिस्टर म्हणजे नळ समजा. हा नळ बंद केला तरी ठिबकत राहतो. आणि तापमान दर १० अंशांनी वाढलं की ही गळती साधारण दुप्पट होते. २५ अंशांना जेवढी, त्याच्या आठपट ५५ अंशांना. गळती वाढली की ट्रान्झिस्टर तापतो, तापला की आणखी गळतो, आणि बाहेरून आवर घातला नाही तर स्वतःच्याच उष्णतेने मरतो. आमच्या बाल्कनीत हेच झालं.

सिलिकॉनचा नळ घट्ट बसतो. जर्मेनियम ८०-९० अंशांच्या आसपास हात टेकतं, तिथे सिलिकॉन दीडशेपर्यंत आरामात जातं. हे कागदावर सगळ्यांना ठाऊक होतं, बनवणं जमत नव्हतं. जानेवारी १९५४ मध्ये बेल लॅबच्या मॉरिस टॅनेनबॉम यांना ते जमलं, पण गाजावाजा झाला नाही. गाजावाजा झाला त्याच वर्षी १० मे रोजी, ओहायोतल्या डेटन शहरात. विमानातल्या इलेक्ट्रॉनिक्सवर परिषद होती. एकामागून एक वक्ते सांगत होते की सिलिकॉनचा ट्रान्झिस्टर अजून काही वर्षं तरी दूर आहे. मग टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचे गॉर्डन टील उठले आणि म्हणाले, माझ्या खिशात काही आहेत! त्यांनी एक रेकॉर्ड प्लेयर लावला. त्याच्या अँप्लिफायरमधला जर्मेनियमचा ट्रान्झिस्टर गरम तेलाच्या भांड्यात बुडवला. गाणं बंद पडलं. मग सिलिकॉनचा जोडून तोही तेलात बुडवला. गाणं चालूच राहिलं. हे मी इंजिनीअरिंगला असताना नुसतं वाचलं होतं. उमगलं ते अण्णांचा खोका गेल्यावर.

आता तुम्ही विचाराल, १९५४ मध्ये सिलिकॉन आलं होतं तर अण्णांनी १९७४ मध्ये जर्मेनियम का घातलं? कारण अगदी घरगुती आहे. जे बाजारात मिळतं आणि परवडतं ते माणूस घालतो. सिलिकॉन आधी लष्कराकडे गेलं, कारण महाग होतं. १९५९ मध्ये फेअरचाइल्ड कंपनीत झां होर्नी यांनी प्लेनर पद्धत काढली आणि मग कुठे ते स्वस्त व्हायला लागलं. आपल्याकडे बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने जर्मेनियमचे सुटे भाग बनवायला सुरुवात केली ती १९६२ मध्ये. त्यामुळे सत्तरच्या दशकात मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या बुधवारात गेलात तर जर्मेनियमची जोडी सहज मिळे, आणि रेडिओ दुरुस्त करणाऱ्यांच्या हाताला तीच सवयीची होती. अण्णा रात्रीच्या एसटीने मुंबईला जात, दिवसभर लॅमिंग्टन रोडवर फिरून चार वस्तू घेत आणि रात्रीच्या गाडीने परत.

घरगुती अँप्लिफायर स्वस्त होण्यात आणखी एका माणसाचा वाटा आहे. आधीच्या ट्रान्झिस्टर अँप्लिफायरमध्ये आवाजाच्या वाटेवर दोन ट्रान्सफॉर्मर लागत. ट्रान्सफॉर्मर म्हणजे तांबं आणि लोखंड, दोन्ही महाग आणि जड. १९५६ मध्ये आरसीए कंपनीतल्या हंग-चँग लिन यांनी ते दोन्ही काढून टाकणारी जोडणी प्रसिद्ध केली. एनपीएन आणि पीएनपी अशा उलटसुलट स्वभावाच्या ट्रान्झिस्टरांचा तिच्यात उपयोग होता. पुढे एसी १२७ आणि एसी १२८ सारख्या जोड्या आल्या आणि काम फारच सोपं झालं. लाटेचा वरचा अर्धा भाग एकाने ओढायचा, खालचा दुसऱ्याने. अण्णांना लिन कोण ते माहीत नव्हतं. त्यांनी एका जुन्या रेडिओचं सर्किट कागदावर उतरवून घेतलं होतं.

मग ऐंशीच्या सुमारास दुबई आमच्या वाडीत आली! शेजारचा एक मुलगा आखातातून टू-इन-वन घेऊन आला. सत्यनारायणाला तो अंगणात लावला तर मागच्या रांगेला ऐकू जाईना. अण्णांनी त्याच्या इअरफोनच्या भोकातून तार काढून आपल्या खोक्याला जोडली. पुढे कोणी दुबईहून आलं की टू-इन-वन घेऊन आधी आमच्या ओटीवर. मला इलेक्ट्रॉनिक्सचं वेड लागलं ते तिथेच.

तर अशा खोक्याचा मी जीव घेतला होता. अपराधी वाटून मी भाच्याकडून लॅमिंग्टन रोडवरून एसएल १०० आणि एसके १०० ही सिलिकॉनची जोडी मागवली आणि अण्णा झोपलेले असताना गुपचूप जुन्याच्या जागी बसवली. वाजलं! संध्याकाळी अण्णांनी ऐकलं. त्यांना आता कानात यंत्र लागतं, तरी दोन मिनिटांत म्हणाले, "मोठ्याने ठीक आहे रे. पण हळू करतो तेव्हा बुवांचा घसा बसतोय."

अगदी बरोबर निदान. दोन ट्रान्झिस्टरांच्या बेसमध्ये थोडं व्होल्टेजचं अंतर ठेवावं लागतं, म्हणजे एकाने सोडण्याआधी दुसरा पकडायला तयार असतो. जर्मेनियमला पाव व्होल्टच्या आसपास पुरतं, सिलिकॉनला सव्वा लागतं. मी जोडी बदलली, अंतर तेच ठेवलं. त्यामुळे प्रत्येक लाटेच्या मधोमध दोघेही झोपलेले! मोठ्या आवाजात ते झाकलं जातं, हळू आवाजात कळतं.

मी म्हटलं, "अण्णा, परदेशातून जुनी जर्मेनियमची जोडी मागवतो. जसा होता तसाच करू."

"कशाला?" अण्णा म्हणाले. "मी बांधला तेव्हा बाजारात होतं ते घातलं. तू आता आहे ते घाल. सिलिकॉनच्या गावात राहतोस आणि जर्मेनियम कसलं शोधतोस?"

मग आम्ही दोघांनी मिळून नवी पट्टी बांधली. बीसी ५४७ पुढे, एसएल १०० आणि एसके १०० शेवटी, दोघांच्या बेसमध्ये १एन ४१४८ चे दोन डायोड, स्पीकरकडे जाताना १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, चार-पाच रेझिस्टर आणि ९ व्होल्टचा अॅडाप्टर. जोडी जिथे एकत्र येते तिथे साडेचार व्होल्ट दिसले की समजायचं, जमलं. आठ ओहमच्या स्पीकरला अर्धा वॅट मिळतो. हसू नका, खोलीला पुरतो. ते दोन डायोड मात्र ट्रान्झिस्टरच्या टोपीला चिकटवून ठेवा. टोपी तापली की डायोडही तापतात आणि आपणहून व्होल्टेज कमी करतात. त्यांचे पाय टोपीला लागू देऊ नका, टोपी कलेक्टरला जोडलेली असते. हे मी नाही, अण्णांनी सांगितलं, माझा हात धरून.

आता अर्धा वॅट म्हणजे अंगणातल्या सत्यनारायणाचा खोका राहिला नाही, हे खरं. अण्णांना ते चालतं. म्हणाले, आता ऐकणारा मी एकटाच. जुनी पट्टी त्यांनी पंच्यात गुंडाळून कपाटात ठेवलीय.

पुढच्या जुलैत एकदा दुपारी ऑफिसातून लवकर आलो तर खोका बाल्कनीत! पोटात गोळाच आला. अण्णा काचेच्या अलीकडे, एसीत, खुर्ची टाकून बसले होते. कान काचेला लावलेला.

"अण्णा, अहो..."

त्यांनी हाताने गप्प केलं. भजन संपेपर्यंत ऐकलं आणि मग म्हणाले, "तासभर झाला. वाजतोय."

असो. अण्णांनी आता भाच्याला नव्या जोड्यांची यादी पाठवलीय. म्हणतात, वाडीतल्या देवळासाठी जरा मोठा बांधूया.