नोंदवहीतील पुस्तके आणि वाचकांचा अधिकार

सरकार आणि ग्रंथालय यांचा संबंध आपण बहुधा अनुदानाच्या बाजूनेच पाहतो. परंतु हा संबंध फार जुना असून त्याच्या मुळाशी प्रेमापेक्षा संशयच अधिक आहे.

प्रथम गोमंतकाकडे पाहू. फादर थॉमस स्टीफन्स यांचे मराठी ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली राशोल येथे रोमन लिपीत छापले गेले आणि १६४९ व १६५४ साली त्याच्या पुन्हा आवृत्त्या निघाल्या. त्या काळी ग्रंथ छापण्यास धर्माधिकाऱ्यांची अनुज्ञा लागे. अनुज्ञा देणारे पुष्कळ होते. पण छापलेल्या ग्रंथाची एक प्रत जपून ठेवण्याची जबाबदारी मात्र कोणावरच नव्हती. परिणाम असा, की त्या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध असल्याचे ज्ञात नाही. हे पुराण आपल्यापर्यंत आले ते हस्तलिखितांच्या आधाराने, आणि १९०७ साली मंगळूरला जोसेफ साल्ढाणा यांनी ते पुन्हा छापले म्हणून. गोव्यात सार्वजनिक ग्रंथालय निघाले ते १८३२ साली. धर्मसंघ विसर्जित झाल्यावर त्यांच्या मठांतील कितीतरी ग्रंथ तेथे आले. तोवर जे नष्ट व्हावयाचे ते होऊन गेले होते.

ब्रिटिश मुलखातील गोष्ट निराळी. १८५७ च्या उठावाने राज्यकर्त्यांस कळून चुकले, की देशी छापखान्यांतून काय बाहेर पडते याची आपणांस वार्ताच नसते. १८६७ साली छापखाने व पुस्तके यांच्या नोंदणीचा कायदा झाला. प्रत्येक पुस्तक छापून झाल्यावर त्याची प्रत सरकारात दाखल करावयाची. तीही साधीसुधी नव्हे, तर नकाशे व चित्रे यांसह उत्तम प्रतींच्या तोडीची. मग अधिकारी नोंद करीत: नाव, त्याचे इंग्रजी भाषांतर, भाषा, कर्ता, विषय, छापखाना, पृष्ठे, आवृत्ती, किंमत आणि एकंदर किती प्रती छापल्या तो आकडा. दर तीन महिन्यांनी ही यादी सरकारी गॅझेटात प्रसिद्ध होई.

हेतू पाळतीचा, यात मला संदेह वाटत नाही. पण पाळत ठेवणाऱ्याला नोंद नीट ठेवावी लागते, आणि त्या नेटकेपणाचा लाभ पुढच्या पिढ्यांना झाला. एखादे मराठी नाटक किंवा लावण्यांचे चोपडे किती प्रती छापले गेले, हे आज जे सांगता येते ते बहुतांशी या याद्यांमुळे. सरकारात गेलेल्या प्रतींतून निवडक ग्रंथ लंडनला जात. ब्रिटिश म्युझियममधील मराठी व गुजराती पुस्तकांची ब्लुमहार्टकृत सूची १८९२ मध्ये प्रसिद्ध झाली. इकडे शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातील मराठी ग्रंथांची सूची सिद्ध केली. तिच्यामागचे कष्ट आठवले, की मान आदराने लवते.

मात्र प्रत जतन होणे वेगळे आणि ती वाचकाच्या हाती पडणे वेगळे. खाडिलकरांच्या ‘कीचकवध’ नाटकावर १९१० साली बंदी आली. जप्त झालेल्या अशा कितीतरी पुस्तकांच्या प्रती लंडनच्या ग्रंथालयांत सुरक्षित राहिल्या. ज्यांच्यासाठी ती लिहिली गेली, त्या माणसांनी ती बाळगणे मात्र अपराध ठरले.

स्वातंत्र्यानंतर १९५४ साली ग्रंथ सुपूर्द करण्याचा कायदा आला. आता प्रत जावयाची ती अधिकाऱ्याच्या टेबलावर नव्हे, तर कलकत्त्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाकडे व आणखी तीन सार्वजनिक ग्रंथालयांकडे. मुंबई त्यांपैकी एक. मुदत तीस दिवसांची, खर्च प्रकाशकाचा. कसूर केल्यास दंड पन्नास रुपयांपर्यंत आणि वर पुस्तकाची किंमत. एवढ्या दंडाला कोण भितो, हा प्रश्न आहेच! १९५६ मध्ये वृत्तपत्रेही या कायद्याखाली आली.

या कायद्याचे एक कलम विशेष लक्षात घेण्याजोगे आहे. सरकारने प्रसिद्ध केलेल्या पुस्तकांनाही तो लागू आहे; पण केवळ सरकारी उपयोगासाठी असलेली पुस्तके वगळली आहेत. कोणते पुस्तक केवळ सरकारी उपयोगाचे, हे ठरविणार कोण? अर्थात सरकारच. एखाद्या चौकशीचा अहवाल शेकडो प्रतींत छापला जातो, कचेऱ्यांच्या कपाटांत राहतो आणि ज्या गावासंबंधी तो आहे तेथील माणसाला त्याचे नावही ठाऊक नसते, हे या एका वाक्याच्या आश्रयाने होऊ शकते.

२००५ च्या माहिती अधिकार कायद्याने या पडद्याला बरेच मोठे भोक पाडले. त्याच्या चौथ्या कलमात प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने स्वतःहून कोणती माहिती प्रसिद्ध करावी याची यादी आहे, आणि तीत ग्रंथालयाचा स्पष्ट उल्लेख आहे: लोकांसाठी ग्रंथालय किंवा वाचनकक्ष चालविला जात असल्यास त्याच्या कामकाजाच्या वेळा जाहीर कराव्यात. ‘असल्यास’ हा शब्द पाहावा. वेळा जाहीर करण्याचे बंधन आहे, ग्रंथालय ठेवण्याचे नाही.

दरम्यान १८६७ चा तो जुना कायदाही गेला. २०२३ साली त्याच्या जागी नियतकालिकांपुरता नवा कायदा झाला व १ मार्च २०२४ पासून तो अमलात आला. पुस्तके त्याच्या कक्षेबाहेर आहेत. संशयाने सुरू झालेली ती नोंदवही मिटली. आता नव्या मराठी पुस्तकाची प्रत कोठेतरी राहावी म्हणून कायद्याचा आधार उरला आहे तो मुख्यतः १९५४ च्या त्या तीस दिवसांचा.