इंजिनाविना दूरवर

1978 साली फ्रान्समधील मियूसी येथे जाँ-क्लोद बेताँ व त्यांच्या सोबत्यांनी पॅराशूट पसरून डोंगरउतारावरून धाव घेतली. यातून पॅराग्लायडिंगचा खेळ रुजला. पण दरीत उतरणे वेगळे आणि दूरवर जाणे वेगळे. दूर जाण्याची वाट जर्मनीतील वासरकुप्पे डोंगरावर 1926 सालीच दिसली होती. माक्स केगेल यांचे ग्लायडर वादळी ढगाने वर ओढले. ते सुमारे 55 किलोमीटरांवर सुखरूप उतरले.

तापलेल्या जमिनीलगतची हवा हलकी होऊन वर चढते. तिच्यात घिरट्या घालून उंची मिळवायची व पुढे सरकायचे. गटाने उडताना एकाला सापडलेला प्रवाह इतरांनाही कळतो. मात्र वादळी ढग जीवही घेतो. म्हणून आकाश पाहून जमिनीवरच थांबणे हाही प्रशिक्षणाचा भाग असतो.

दुपारी विद्यार्थ्यांना घार दाखवा. पंख न हलवता ती वर कशी जाते?