मुंबईची परसबाग आणि आपलं परस



२०१९ सालची गोष्ट. आठवडे बाजारात भेंडी घेत होतो. शेजारच्या गावचे एक पाहुणे भेटले, म्हणाले, "काय अण्णा, घरी टोमॅटोचा प्लॉट उभा, अन् भेंडी विकतची?" हसून वेळ मारून नेली. पण बोलणं खरं होतं. निफाड तालुक्यातला बागायतदार मी, आणि मिठाशिवाय काही विकत न आणणाऱ्या आजीचा नातू.

आपल्या नाशिक जिल्ह्याला लोक मुंबईची परसबाग म्हणतात. मग आपल्या घरामागची परसबाग गेली कुठं? त्याचा मागोवा घ्यायचा म्हणून आजची नोंद जरा लांबली आहे.

आधी जुनं पाहू. भाजीमळा म्हटलं की आपल्याला अरणचे सावता महाराज आठवतात. त्यांची समाधी १२९५ सालची. त्यांना विठ्ठल मळ्यातच दिसला. त्यांच्या नावावरच्या अभंगात मिरची येते. आता मिरची तर मूळची अमेरिकेची. पोर्तुगीज कालिकतला आले १४९८ ला आणि गोवा घेतला १५१० ला. मिरची आली ती त्यांच्यानंतर. मग अभंगातली मिरची म्हणजे मिरी असेल, नाहीतर गाता गाता लोकांच्या तोंडून नंतर आत आली असेल. मी दहावी शिकलेला माणूस, त्यावर वाद घालणार नाही. पण यावरून एक कळतं. मळ्यातली भाजी बदलत आली आहे आणि आपण नव्या भाजीला आपलं म्हणत आलो आहोत.

टोमॅटो, बटाटा, रताळं, श्रावणघेवडा, डांगर म्हणजे लाल भोपळा, पपई, पेरू, भुईमूग ही सगळी अमेरिकेकडची मंडळी. फुलकोबीचं बी इंग्रजांनी १८२२ साली सहारनपूरच्या बागेत आणलं. माझी आजी शेवटपर्यंत टोमॅटोला भेदरंच म्हणायची. आपली जुनी भाजी म्हणजे वांगी, वाल, दुधी, कारलं, दोडका, घोसाळं, अळू, माठ, तांदुळजा.

आजीचं परस विहिरीच्या खालच्या अंगाला होतं, साताठ गुंठ्यांचं. मोटेचं पाणी थारोळ्यातून पाटानं शेताला जायचं, वाटेत परसाला मिळायचं. न्हाणीचं पाणी अळू आणि केळीला. कुंपणावर वाल आणि घोसाळी, कडेनं झेंडू. बी ठेवायची रीत ठरलेली. पहिलं चांगलं फळ खायचं नाही, त्याला चिंधी बांधायची, ते बियाचं. वाळलेलं बी राखेत घोळून गाडग्यात. दोडका आणि दुधी अख्खाच चुलीच्या वर टांगलेला, धुरामुळं किडा लागत नसे.

लागवडीचं वेळापत्रक कागदावर नव्हतं, सणांवर होतं. आखाजीला वेलांची आळी करायची. ऋषीपंचमीला बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, म्हणून हातानं खणून पिकवलेलीच भाजी लागायची. अळू, माठ, भेंडी, दोडका, डांगर त्या दिवशी तयार पाहिजेत, म्हणजे पेरणी मागे मोजून करायची. संक्रांतीच्या आदल्या दिवशी भोगी. त्या दिवशी वांगी, गाजर, वाल, ओला हरभरा एकाच भाजीत. मला वाटतं, हा नुसता धर्म नव्हता. परसात कोणत्या महिन्यात काय असलं पाहिजे याची ती यादी होती.

हे सगळं बायांचं राज्य. आमच्या जुन्या सातबाऱ्यावर बाजरी, गहू, कांदा दिसतो, आजीच्या परसाची ओळ कुठं नाही. ज्याचा हिशेब कागदावर नाही, ते मोडताना कोणाला काही वाटत नाही.

आता मुंबईकडं वळू. बैलगाडीनं कसाऱ्याचा घाट उतरून पालेभाजी मुंबईला पोचवणं शक्यच नव्हतं, वाटेतच तिचा चोथा झाला असता. १८६५ साली घाटातून रेल्वे सुरू झाली आणि मुंबईचं ताट नाशिकच्या जवळ आलं. १९१६ पर्यंत दारणा धरण झालं, १९६५ ला गंगापूर धरण पूर्ण झालं. कालव्याचं पाणी, मग विजेची मोटर, मग आग्रा रोडवर रात्रीचे ट्रक. कांदा, टोमॅटो, द्राक्षं. पैसा आला, हे नाकारायचं कारण नाही. माझ्या बहिणींची लग्नं आणि पोरांची शिक्षणं त्याच पैशावर झाली.

पण विहिरीजवळची जमीन सगळ्यात चांगली. वडलांनी १९८८ ला तिथंच द्राक्षाचे खांब रोवले. आजी एवढंच म्हणाली, "वालाचं बी तेवढं काढून घेते." ते गाडगं पुढं कुठं गेलं, मला माहीत नाही. मी विचारलंच नाही. ही चूक माझी.

पुढं आमच्या घरी एक रीत पडली. प्लॉटमधल्या टोमॅटोवर फवारणी झाली की बायको त्यातले टोमॅटो घरात येऊ देत नसे. "पोरांसाठी कडेची एक ओळ सोडा," म्हणायची. मी म्हणायचो, वाऱ्यानं उडतंच ना तिकडं. आपण जे स्वतःच्या पोरांना देत नाही ते ट्रकात भरतो, हे तेव्हा मनाला लागलं नाही, आता लागतं.

२०२० च्या मार्चमध्ये लॉकडाऊन लागला. बाजार बंद. शेतात माल पडून आणि स्वयंपाकघरात भाजी नाही, अशी आमची गत. त्या पावसाळ्यात मी दहा गुंठे काढले. दहाच का, तर कोल्हापूरचे गणिताचे प्राध्यापक श्री. अ. दाभोळकर. प्रयोग परिवारवाले. 'विपुलाच सृष्टी' हे पुस्तक त्यांचं. पाच माणसांचं कुटुंब दहा गुंठ्यांत आपली गरज भागवू शकतं, हे ते हिशेबानं मांडायचे. दहा गुंठे म्हणजे पाव एकर.

पहिल्या वर्षी मी सपशेल आपटलो. प्लॉटची सवय, सगळं एकाच दिवशी लावलं. एका आठवड्यात तीस किलो भेंडी, गावभर वाटली, आणि पुढं महिनाभर काही नाही. बाजाराच्या शेताला माल एकदम लागतो, घराला रोज थोडा. हे आजीला माहीत होतं, मला ठेच लागून कळलं.

आता असं करतो. मेथी-कोथिंबिरीचा एक वाफा दर दहा दिवसांनी. भेंडी आणि गवार तीन टप्प्यांत, पंधरा दिवसांच्या अंतरानं. वांग्याच्या जागी पुढच्या वेळी वाल किंवा चवळी, म्हणजे जमिनीलाही बरं आणि रोगही साठत नाही. सूत्रकृमीसाठी मधे झेंडू. वेल सगळे कुंपणावर आणि मांडवावर. पालेभाजी घराजवळ, कारण ती रोज तोडायची असते. डांगर आणि सुरण लांब. आणि प्रत्येक वाणाचं एक फळ चिंधी बांधून बियाला.

बी मिळवायला मात्र फार फिरलो. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणेच्या राहीबाई पोपेरे यांचं काम तिथं समजलं. शाळेत न गेलेल्या बाईनं गावठी बियाण्याची बँक उभी केली, २०२० ला पद्मश्री जाहीर झाली. आमच्या घरातून जे गाडगं हरवलं, तसली गाडगी तिनं जपली.

जगातही हे घडलं आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत सुमारे दोन कोटी घरांनी अंगणात भाजी लावली होती. युद्ध संपलं, बहुतेकांनी मोडली. लॉकडाऊन संपल्यावर आमच्या गावातही तसंच झालं, म्हणून ही नोंद लिहिली.

दहा गुंठे नको, दोनच गुंठे काढा, पण विहिरीजवळचे काढा. घरात म्हातारी असेल तर आज संध्याकाळी तिच्याजवळ बसा आणि तिच्या परसात काय काय होतं ते लिहून घ्या. मला गावठी वालाचं, जांभळ्या शिरेच्या शेंगेचं बी अजून मिळालेलं नाही. कोणाकडं असेल तर मूठभर द्या, बदल्यात डांगराचं देतो.