आर्केड खेळयंत्र : जीर्णोद्धार व जतन

नाणे किंवा टोकन टाकल्यावर ठरावीक खेळी देणारे, उभ्या पेटीत बसवलेले इलेक्ट्रॉनिक खेळयंत्र म्हणजे आर्केड खेळयंत्र होय. महाराष्ट्रात ते नुसते ‘व्हिडिओ गेम’ या नावाने आणि ते जेथे मांडलेले असे ती जागा ‘व्हिडिओ गेम पार्लर’ या नावाने ओळखली गेली. लाकडी किंवा प्लायवुडची पेटी, पिक्चर ट्यूबचा पडदा, दांडी (जॉयस्टिक) व बटणे बसवलेली उतरती फळी, खेळ ज्यात साठवलेला असतो तो इलेक्ट्रॉनिक बोर्ड आणि त्याला वीज पुरवणारा पॉवर सप्लाय ही यंत्राची मुख्य अंगे. बंद पडलेले यंत्र पुन्हा खेळण्याजोगे करणे म्हणजे जीर्णोद्धार, तर ते ज्या अवस्थेत हाती आले त्या अवस्थेत आणखी झीज होऊ न देता टिकवणे म्हणजे जतन. व्यवहारात ही दोन उद्दिष्टे पुष्कळदा एकमेकांच्या आड येतात, कारण यंत्र चालवले की पिक्चर ट्यूब व दांडी झिजते आणि यंत्र न चालवता ठेवले तर तो खेळ कसा होता हे पुढच्या पिढीला कळत नाही.

नटिंग असोसिएट्स या अमेरिकी कंपनीने १९७१ मध्ये आणलेले, नोलन बुशनेल व टेड डॅबनी यांनी घडवलेले ‘कॉम्प्युटर स्पेस’ हे बाजारात आलेल्या अशा पहिल्या यंत्रांपैकी एक असून, त्यानंतरच्या वर्षी याच दोघांच्या अटारी कंपनीने ‘पाँग’ आणले. या दोन्ही यंत्रांत प्रोसेसर नाही आणि साठवलेला प्रोग्रॅमही नाही. ‘पाँग’मधील चेंडूची उसळी आणि गुणांचे आकडे साध्या तर्कचिपांच्या जोडणीतून निर्माण होतात, त्यामुळे येथे सर्किट हाच खेळ ठरतो आणि प्रोग्रॅमची प्रत काढून खेळ वाचवण्याचा मार्ग मुळातच उपलब्ध नसतो. जपानच्या ताइतो कंपनीच्या, तोमोहिरो निशिकादो यांनी रचलेल्या ‘स्पेस इन्व्हेडर्स’ (१९७८) मध्ये प्रोसेसर आला, तरी त्याच्या उभ्या पेटीत पडदा तळाशी ठेवून त्याचे चित्र अर्धपारदर्शक आरशातून चंद्रभूमीच्या रंगवलेल्या देखाव्यावर पाडलेले असे आणि कृष्णधवल चित्राला रंग येई तो वर लावलेल्या रंगीत पारदर्शक पट्ट्यांमुळे. आरसा, देखावा व पट्ट्या प्रोग्रॅममध्ये नसतात. पेटी गेली की या गोष्टीही जातात.

जपानमधील यंत्रनिर्मात्यांच्या जाम्मा या संघटनेने १९८५ मध्ये बोर्ड व पेटी यांच्या जोडणीसाठी ५६ टोकांची एकच पट्टी प्रमाण म्हणून ठरवली आणि त्यामुळे एकाच पेटीत बोर्ड बदलून निरनिराळे खेळ लावणे शक्य झाले. भारतातील पार्लरांचा सारा व्यवहार या सोयीवर उभा राहिला. बोर्ड बाहेरून येई, पेटी मात्र गावातला सुतार प्लायवुड कापून, वरून सनमायका लावून तयार करी. पडद्याच्या जागी दूरचित्रवाणी संचाची पिक्चर ट्यूब येई आणि तिच्या सर्किटमध्ये लाल, हिरव्या व निळ्या रंगाचे संकेत थेट सोडण्याचे काम टीव्ही मेकॅनिक करी. कॅपकॉम कंपनीचा १९९३ मधील ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’ हा खेळ भारतभर त्यातील एका पात्राच्या नावाने, ‘मुस्तफा’ म्हणून, ओळखला जातो आणि मूळ नाव ठाऊक नसलेल्या माणसालाही हे नाव चटकन आठवते.

जतनाच्या दृष्टीने या पार्श्वभूमीतून एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. बोर्ड कारखान्यात मोठ्या संख्येने बनले, त्यांतील प्रोग्रॅमच्या प्रती जगभर अनेकांनी जपून ठेवल्या आहेत. सुताराने घडवलेली पेटी मात्र एकेकच होती. तरीही यंत्र मोडीत निघताना बोर्ड काढून घेतला जातो आणि पेटी जळणात किंवा भंगारात जाते, म्हणजे जे पुन्हा मिळू शकते ते राखले जाते आणि जे पुन्हा मिळणार नाही ते टाकले जाते. मराठी मुलुखातील खेळयंत्राचा जीर्णोद्धार पेटीपासून सुरू झाला पाहिजे, असे म्हणण्याचे कारण हेच. सनमायकाचा नमुना, फळीवर बटणांच्या जागा बदलल्याने पडलेली व नंतर बुजवलेली भोके, रेडियमच्या दुकानातून कापून आणलेली अक्षरे, दांडीच्या भोवती हातांनी घासून गेलेला गोल या सर्व खुणा पुरावा म्हणून मोलाच्या असतात आणि नवा सनमायका चढवला की त्या कायमच्या पुसल्या जातात. नाणे घेणारी यंत्रणा शाबूत असेल तर पेटीच्या काळाचा अंदाजही बांधता येतो : १९९२ पासूनचा पोलादी रुपया २५ मिलिमीटर व्यासाचा, त्याआधीचा तांबे-निकेलचा रुपया २६ मिलिमीटरचा, तर २०११ नंतरचा सुमारे २२ मिलिमीटरचा असल्याने, खाच कोणत्या नाण्यासाठी कापली होती हे मोजून पाहणे अभ्यासकाला उपयोगी पडते.

यंत्र कोठे ठेवले जाणार यावर जतनाची पद्धत अवलंबून असते. परभणी जिल्ह्यातील पाथरी हे तालुक्याचे ठिकाण मराठवाड्याच्या परिस्थितीचे नमुनेदार उदाहरण म्हणून घेता येते. उन्हाळ्यात तेथील तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते, जून ते सप्टेंबरमध्ये दमटपणा वाढतो आणि गोदाकाठची काळी जमीन उन्हाळ्यात बारीक धूळ उडवते. किनारपट्टीवरील यंत्राचा मुख्य शत्रू खारट दमट हवेने येणारा गंज असतो, पाथरीसारख्या ठिकाणी मात्र उष्णता, धूळ आणि वाळवी यांचा क्रम पहिला लागतो. प्लायवुडचे थर कोरड्या व ओल्या ऋतूंच्या फेऱ्यात सुटू लागतात, पण पेटी सर्वांत आधी तळाशी खराब होते, कारण फरशी पुसताना लागणारे पाणी वर्षानुवर्षे कडेने आत झिरपत राहते. पेटी जमिनीपासून चार बोटे उंच लोखंडी पायांवर ठेवणे, भिंतीपासून हातभर दूर ठेवून वाळवीची मातीची नळी दिसेल अशी मागची बाजू मोकळी सोडणे आणि कुजलेला भाग तेवढाच कापून त्या मापाची फळी सांधणे हे पुरेसे असते. संपूर्ण बाजू बदलण्याची वेळ क्वचितच येते. वाळवीनाशकाचा फवारा बोर्ड, पडदा व तारा बाहेर काढल्याशिवाय मारू नये. आत साचलेली धूळ मऊ ब्रशने व व्हॅक्यूमने काढावी, ओल्या फडक्याने पुसू नये, कारण ओली धूळ बोर्डावर वीज वाहू देणारा थर तयार करते.

विजेच्या बाबतीत पहिला नियम असा की, अनेक वर्षे बंद असलेले यंत्र थेट चालू करून पाहू नये. पॉवर सप्लायमधील इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरमध्ये द्रव असतो, तो काळाने सुकतो किंवा गळतो, आणि तापमान दर १० अंशांनी वाढले की कंडेन्सरचे आयुष्य साधारण निम्मे होते, या ठोकताळ्यानुसार मराठवाड्यातील बंद पेटीच्या आतले कंडेन्सर त्यांच्या वयापेक्षा म्हातारे झालेले समजावेत. पॉवर सप्लाय बोर्डापासून तोडून, त्याला वेगळा भार जोडून मल्टिमीटरने तपासावा. बोर्डाला ५ व्होल्ट लागतात आणि हा दाब थोडासा चढला तरी न मिळणाऱ्या चिपा जळतात. अमेरिकेतून आलेले यंत्र १२० व्होल्टसाठी व जपानमधून आलेले १०० व्होल्टसाठी बनलेले असते, त्यामुळे भारतातील २३० व्होल्टच्या पुरवठ्यावर योग्य क्षमतेचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर अनिवार्य ठरतो; त्याशिवाय ६० हर्ट्झसाठी बनवलेले लोखंडी गाभ्याचे जुने ट्रान्सफॉर्मर ५० हर्ट्झवर अधिक तापतात, म्हणून ते तासाभराने हाताने नव्हे तर उपकरणाने तपासले पाहिजेत. तालुक्याच्या गावी दाब वरखाली होणे आणि पुरवठा अचानक जाऊन परत येणे नेहमीचे असल्याने स्टॅबिलायझर आणि खरे, जमिनीत उतरवलेले अर्थिंग हे यंत्राचेच भाग मानावेत.

पिक्चर ट्यूब हे या सर्व अंगांतील सर्वांत नाजूक आणि आता अक्षरशः अनमोल अंग आहे. औरंगाबादजवळ चितेगाव येथे व्हिडिओकॉनचा दूरचित्रवाणी संचांचा कारखाना होता, आणि याच उद्योगसमूहाने २००५ मध्ये फ्रान्सच्या थॉमसन कंपनीचा पिक्चर ट्यूबचा व्यवसाय विकत घेतला होता; म्हणजे एके काळी ही वस्तू मराठवाड्याच्या दाराशी होती. सपाट पडदे आल्यावर हा उद्योग जगभर संपुष्टात आला आणि फुटलेल्या ट्यूबच्या जागी आता दुसरी जुनी ट्यूबच शोधावी लागते. ट्यूबच्या काचेवरील रबरी टोपीखाली रंगीत संचात २० ते २५ हजार व्होल्टचा दाब असतो आणि यंत्र बंद केल्यावरही तो काही काळ टिकतो, त्यामुळे तो विधिवत उतरवल्याशिवाय आत हात घालणे जीवघेणे ठरू शकते. भारतीय पेट्यांत आणखी एक धोका असतो : घरगुती टीव्हीची चॅसी बहुधा थेट वीजवाहिनीशी जोडलेली असते, आणि तिला खेळाचा बोर्ड जोडताना मध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घातला नसेल तर दांडीचा धातू व नाण्याचे दारही विजेने भारलेले राहू शकते. जीर्णोद्धार करताना हा ट्रान्सफॉर्मर आहे की नाही हे पाहणे आणि नसल्यास तो बसवणे, हा मूळ अवस्थेत केलेला बदल असला तरी तो करावाच लागतो. अंधुक झालेल्या ट्यूबला बूस्टर लावून तिच्या तापतारेचा दाब वाढवण्याची मेकॅनिकांची जुनी युक्ती चित्र काही महिने उजळवते आणि ट्यूबचे उरलेले आयुष्य खाऊन टाकते, म्हणून दुर्मीळ यंत्रात ती वापरू नये. एकच चित्र वर्षानुवर्षे राहिल्याने पडद्यावर उमटलेला कायमचा डाग हा दोष समजून ट्यूब बदलण्याचेही कारण नाही, कारण त्या पेटीत कोणता खेळ सर्वाधिक काळ चालला याची ती नोंद असते. ट्यूबच्या काचेत शिसे असते; निकामी ट्यूब फोडून टाकणे आरोग्यास घातक असून, ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ नुसार ती नोंदणीकृत पुनर्चक्रण केंद्राकडेच गेली पाहिजे. पाथरीतून जाणाऱ्या कल्याण–निर्मल महामार्गाने यंत्र न्यायचे झाल्यास पडदा पेटीतून काढून, काचेचा तोंडाकडचा भाग जाड गादीवर खाली ठेवून, वेगळा न्यावा.

बोर्डाच्या बाबतीत खरा काळ ठरते ती बॅटरी. काही बोर्डांवरील निकेल-कॅडमियम बॅटरी गळते आणि तिचा क्षार तांब्याच्या रेषा खातो. अशी बॅटरी ताबडतोब काढून, जागा पातळ व्हिनेगरने शमवून, शुद्ध पाण्याने व नंतर अल्कोहोलने धुवावी लागते. ‘मुस्तफा’च्या मूळ बोर्डाचा प्रश्न निराळा आहे. त्यातील ध्वनिविभागाचा प्रोसेसर सांकेतिक रूपात लिहिलेला प्रोग्रॅम वाचतो आणि तो उलगडण्याची किल्ली बॅटरीच्या आधारावर टिकून असते, त्यामुळे बॅटरी संपली की किल्ली नाहीशी होते आणि बोर्ड निकामी होतो. नकली प्रती रोखण्यासाठी केलेल्या या योजनेमुळे अशा बॅटरीला संग्राहक ‘आत्मघाती बॅटरी’ म्हणतात. अशा बोर्डाची बॅटरी, जुनी काढण्यापूर्वी समांतर दाब जोडून, ती संपण्याआधीच बदलावी लागते. किल्ली पुन्हा भरण्याच्या पद्धती आता अभ्यासकांनी शोधल्या आहेत, तरी ते काम जाणकाराचे आहे. प्रोग्रॅम ज्या ईप्रॉम चिपांत असतो त्यांवरील काचेची खिडकी अतिनील किरणांनी मजकूर पुसण्यासाठी असते, म्हणून तिच्यावरील चिकटपट्टी काढून ती कधीही उघडी ठेवू नये. चिपांतील मजकूर वाचून त्याची प्रत काढावी आणि निकोला सल्मोरिया यांनी १९९७ मध्ये सुरू केलेल्या मेम या, जुने आर्केड खेळ संगणकावर चालवणाऱ्या प्रकल्पातील नोंदींशी ती ताडून पाहावी.

येथे एक तत्त्वाचा प्रश्न उभा राहतो. भारतात आलेल्या बोर्डांत नकली प्रतींचा भरणा मोठा होता आणि ‘मुस्तफा’च्या ज्ञात नकली बोर्डांत मूळ ध्वनियोजनेच्या जागी साधी ध्वनिचिप असल्याने संगीत व आवाज वेगळे ऐकू येतात. असा बोर्ड काढून अस्सल बोर्ड लावणे म्हणजे यंत्र सुधारणे, असे वरवर वाटते. वस्तुतः त्यामुळे येथील खेळाडूंनी प्रत्यक्ष ऐकलेला आवाज नाहीसा होतो. नकली बोर्ड हा कायद्याच्या दृष्टीने सदोष असला तरी इतिहासाच्या दृष्टीने अस्सल पुरावा आहे आणि जो बोर्ड पेटीत सापडला तो पेटीसोबतच राहिला पाहिजे. प्रत्येक काढलेला भाग चिठ्ठी लावून राखणे, प्रत्येक पायरीचे छायाचित्र घेणे आणि केलेला बदल पुन्हा उलटवता येईल असाच ठेवणे, हे संग्रहालयशास्त्राचे सर्वमान्य नियम येथेही लागू होतात. पार्लर चालवणाऱ्यांकडून एका खेळीची किंमत, बोर्ड आणण्याचे ठिकाण, दुरुस्ती कोण करी, याची तोंडी माहिती नोंदवून ती पेटीच्या कागदपत्रांत ठेवावी. पार्लरांवर शासनाचे नियंत्रणही होते, एम. जे. शिवानी विरुद्ध कर्नाटक राज्य या १९९५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने व्हिडिओ खेळांवरील परवाना-नियमन ग्राह्य धरले, त्यामुळे जुने परवाने व पावत्या हाती लागल्यास त्यांचेही मोल आहे.

अमेरिकेत रॉचेस्टर येथील स्ट्राँग संग्रहालयाने २००९ मध्ये इलेक्ट्रॉनिक खेळांच्या इतिहासासाठी स्वतंत्र केंद्र स्थापन केले. रोजच्या वापरातील दिवे, अडकित्ते व कुलुपे यांना संग्रहालयात मानाची जागा देण्याची परंपरा महाराष्ट्रात पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयाने घालून दिलेली आहे, आणि करमणुकीच्या यंत्रांना त्याच दृष्टीने पाहण्यास कोणतीही हरकत नाही. कायद्याचा आधार मात्र या यंत्रांना मिळत नाही : पुरावशेष व कलानिधी अधिनियम, १९७२ नुसार वस्तू पुरावशेष ठरण्यासाठी सामान्यतः १०० वर्षे जुनी असावी लागते, म्हणजे १९९३ मधील पेटी २०९३ पूर्वी त्या व्याख्येत बसणार नाही. तोवर तिचे रक्षण मालकाच्या हाती आहे. ज्यांच्या दुकानाच्या माळ्यावर किंवा गोदामात अशी पेटी पडून असेल, त्यांनी ती भंगारात देण्यापूर्वी सर्व बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत, वीज जोडून पाहू नये, गळकी बॅटरी असल्यास जाणकाराकडून काढून घ्यावी आणि पेटी व बोर्ड एकमेकांपासून वेगळे विकू नयेत.