भूगोलाचे शब्द आणि मुलांचे आकलन

१६३८ मध्ये आदिलशाही फौजेने बंगळूर घेतले आणि पुढे ते शहाजीराजांच्या जहागिरीचे मुख्य ठाणे झाले. त्यांचे पुत्र व्यंकोजी येथूनच तंजावरकडे वळले व १६७५-७६च्या सुमारास तेथे भोसल्यांचे राज्य उभे राहिले. या घराण्यातील दुसरे सरफोजी (कारकीर्द १७९८-१८३२) यांच्या ‘देवेंद्र कुरवंजी’ या मराठी नाटकाकडे वाङ्मयप्रकार म्हणून पाहिले जाते. परंतु माहितीपर मजकूर कसा शिकवावा, या प्रश्नाचे ते एक जुने उत्तरही आहे.

कुरवंजी हा तमिळ नाट्यप्रकार. त्यात भविष्य सांगणारी भटकी स्त्री मुलुखामुलुखांचे वर्णन करते. सरफोजींनी हाच साचा घेतला आणि तिच्या तोंडी जगाचा नवा भूगोल घातला. श्रोत्याला साचा परिचित, आशय तेवढा अपरिचित. त्यामुळे यूरोप, आफ्रिका, अमेरिका ही परकी नावे गाण्याच्या ओघात कानात बसतात.

मात्र नाव पाठ होणे म्हणजे अर्थ कळणे नव्हे. भूगोलाच्या मजकुरात विशेषनामे असतात, तसे ‘खंड’, ‘राजधानी’ यांसारखे वर्गवाचक शब्द असतात आणि ‘पैकी’, ‘म्हणजे’, ‘म्हणून’ असे संबंध जोडणारे शब्दही असतात. मूल पहिले घोकते. आशय उरलेल्या दोहोंत असतो. मुंबई इलाख्यात क्रमिक पुस्तके तयार होऊ लागली तेव्हा मेजर कँडी यांनी मराठी विरामचिन्हांची व्यवस्था लावून दिली (१८५०). वाक्याचे सांधे त्यामुळे डोळ्यांना दिसू लागले. तंजावरने कानाची वाट धरली, मुंबईने डोळ्याची.

परिभाषेचा पेच तरीही राहिला. ‘द्वीपकल्प’ या शब्दातील ‘कल्प’ म्हणजे ‘जवळजवळ तसा’. ही फोड सांगितली की जवळजवळ बेट असलेली भूमी मुलाच्या डोळ्यांपुढे उभी राहते आणि व्याख्या घोकण्याची गरज उरत नाही. ‘सामुद्रधुनी’तील ‘धुनी’ म्हणजे संस्कृतात नदी. मराठी मुलाला मात्र ती गोसाव्याची धुनी वाटते. येथे शब्दच आड येतो आणि शिक्षकाने तो उलगडावा लागतो.

बंगळूरच्या मराठी घरातील मूल शाळेत कन्नड पुस्तक वाचते तेव्हा हा पेच दुहेरी होतो. तेथे द्वीपकल्पाला ‘पर्यायद्वीप’ म्हणतात आणि घरच्या भाषेत ‘पर्याय’ म्हणजे दुसरी निवड. दोन्ही शब्द संस्कृतातले, वस्तूही एकच. पण ओळखीचे रूपच चुकीच्या अर्थाकडे नेते. अशा मुलासमोर दोन्ही शब्द शेजारी मांडून त्यांची फोड केली, तर त्याला भूगोलाबरोबर भाषेची घडणही कळते. ते केले नाही, तर दोन भाषांतील दोन व्याख्या तेवढ्या पाठ होतात.