लाल, पिवळी, काळी : मोटारीतल्या तारांच्या रंगांचा इतिहास

घरगुती वीजजोडणी शिकवताना आपण फळ्यावर तीन रेघा ओढतो. लाल तार विद्युन्मय, काळी तटस्थ आणि हिरवी भूसंपर्काची. मुले हे पाठ करतात आणि परीक्षेत बरोबर लिहितात. त्यांतलाच एखादा विद्यार्थी चार वर्षांनी पुण्याच्या नाना पेठेतल्या एखाद्या दुकानात मोटारींना म्युझिक सिस्टिम बसवायला शिकू लागतो. डॅशबोर्डमागून ओढून काढलेला तारांचा झुबका त्याच्या हातात येतो. त्यात पिवळी, लाल, काळी, निळी आणि नारिंगी तार असते. शिवाय पांढऱ्या, करड्या, हिरव्या आणि जांभळ्या तारांच्या जोड्या असतात. इथे हिरवी तार भूसंपर्काची नाही, ती एका स्पीकरची आहे. काळी तार मोटारीच्या धातूच्या सांगाड्याला जोडायची आहे. आणि सतत वीज असते ती लाल तारेत नाही, पिवळ्या तारेत!

मग शाळेत शिकवलेले खोटे होते का? तसे नाही. आपण एक करार शिकवला. फक्त तो करार आहे हे सांगायचे राहून गेले. तांब्यातून वीज वाहते हा निसर्गाचा नियम आहे. लाल वेष्टणातली तार विद्युन्मय असते हे मात्र माणसांनी ठरवले आहे आणि ते वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळे ठरले आहे. हा फरक मुलांना समजावून सांगायला मोटारीतल्या म्युझिक सिस्टिमइतके सोपे उदाहरण क्वचितच सापडेल.

एकेक तार कशी वाढत गेली

मोटारीतला रेडिओ व्यापारी यश मिळवू लागला तो १९३० च्या सुमारास. त्या वर्षी अमेरिकेत पॉल गॅल्व्हिन यांच्या कंपनीने ‘मोटोरोला’ या नावाने मोटारीचा रेडिओ विकायला आणला. १९३२ मध्ये जर्मनीत ब्लाउपुंक्ट कंपनीचा रेडिओ आला. या यंत्रांत व्हॉल्व्ह होते आणि व्हॉल्व्हना शे-दोनशे व्होल्ट दाब लागे. मोटारीची बॅटरी तर सहा किंवा बारा व्होल्टची. त्यामुळे दाब वाढवणारी जड साधने सोबत बाळगावी लागत. जोडणी मात्र अगदी सोपी होती. एक तार बॅटरीकडून यायची आणि परतीच्या प्रवाहासाठी मोटारीचा लोखंडी सांगाडाच वापरला जायचा.

१९५५ मध्ये अमेरिकेतल्या क्रायस्लर मोटारींत पूर्णपणे ट्रान्झिस्टरवर चालणारा रेडिओ आला आणि दाब वाढवण्याची गरज संपली. पण एक नवी अडचण उभी राहिली. त्या काळी बऱ्याच ब्रिटिश मोटारींत बॅटरीचे धन टोक सांगाड्याला जोडलेले असे. ही पद्धत १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत टिकली. इतर अनेक देशांत ऋण टोक सांगाड्याला जोडत. व्हॉल्व्हच्या बऱ्याच रेडिओंना या फरकाने फारसे बिघडत नसे, ट्रान्झिस्टर मात्र उलट्या जोडणीने जळून जाई. तार ओळखण्यात चूक झाली की यंत्र गेलेच, अशी अवस्था इथून सुरू झाली.

यापुढे प्रत्येक शोधाबरोबर झुबक्यात एखादी तार वाढली. फिलिप्सने १९६३ मध्ये कॅसेट आणली आणि त्याच दशकात ती मोटारीत पोचली. स्टीरिओ आल्यावर डाव्या-उजव्या बाजूंना वेगळे स्पीकर लागले, मग मागच्या बाजूलाही. आज पांढरी जोडी पुढच्या डाव्या, करडी पुढच्या उजव्या, हिरवी मागच्या डाव्या आणि जांभळी मागच्या उजव्या स्पीकरची असते. जोडीतल्या ज्या तारेवर काळा पट्टा, ती ऋण. विजेच्या मोटरने वर येणाऱ्या एरियलसाठी निळी तार आली. रात्री दिवे लावले की पडद्याचा उजेड मंद व्हावा म्हणून नारिंगी आली.

सर्वांत बोलकी तार पिवळी. जुन्या रेडिओत स्टेशन लावायला बटण फिरवावे लागे आणि ते बटण जिथे ठेवले तिथेच राही. इलेक्ट्रॉनिक ट्यूनर आल्यावर स्टेशने आणि घड्याळाची वेळ यंत्राच्या स्मृतीत राहू लागली. मोटार बंद असतानाही ही स्मृती टिकवायला थोडी वीज सतत हवी, ती पिवळी तार पुरवते. लाल तारेत चावी फिरवल्यावरच वीज येते. यंत्राने केव्हा सुरू व्हायचे हे ती सांगते. या दोघींची अदलाबदल झाली तर चावी काढताच यंत्र सगळी स्टेशने विसरते. दोन्ही तारा सतत वीज असलेल्या तारेला जोडल्या तर यंत्राला मोटार बंद झाल्याचे कळतच नाही. समजा, ते अर्धा अँपिअर प्रवाह घेत राहिले, तर ३५ अँपिअर-तासांची बॅटरी ७० तासांत, म्हणजे तीन दिवसांत रिकामी होईल. हे गणित वर्गात जरूर करून घ्यावे.

रंगांची घराणी

हे रंग यंत्र बनवणाऱ्या कंपन्यांमध्ये रूढ झालेले आहेत. मोटार बनवणाऱ्यांचे रंग वेगळेच. ब्रिटनमध्ये लुकास कंपनीची पद्धत चाले : तपकिरी तारेत सतत वीज, पांढरीत चावीनंतरची वीज, निळ्या तारा हेडलाइटच्या, काळी सांगाड्याची. आता कल्पना करा, अशा जुन्या मोटारीत कोणी रंगाला रंग जोडत गेले. मोटारीची पांढरी तार बारा व्होल्टची आणि यंत्राची पांढरी तार स्पीकरची. चावी फिरवताच बॅटरीचा दाब थेट ॲम्प्लिफायरच्या बाहेर पडण्याच्या टोकावर येणार आणि यंत्र कायमचे मुके होणार.

जर्मनांनी रंगांपेक्षा आकड्यांवर भर दिला. त्यांच्या मानकानुसार बॅटरीतून थेट येणाऱ्या जोडणीला ३०, चावीतून येणारीला १५, सांगाड्याच्या जोडणीला ३१ आणि बारीक दिव्यांच्या जोडणीला ५८ हा क्रमांक आहे. रंग मळतो, उन्हाने उडतो, अंधारात दिसत नाही. टोकाशी छापलेला आकडा त्यामानाने टिकतो.

आपल्याकडे ही घराणी एकत्र नांदली. अँबॅसडर ब्रिटिश मॉरिस ऑक्सफर्डवरून आली, कुर्ल्याला बनणारी प्रीमियर पद्मिनी इटालियन फियाटवरून आणि १९८३ मध्ये आलेली मारुती जपानच्या सुझुकीकडून. पुण्याच्या परिसरात तर ही सरमिसळ डोळ्यांसमोर घडली. १९९५ मध्ये इथे मर्सिडीज-बेंझ तयार होऊ लागली, १९९८ मध्ये टाटांची इंडिका आली आणि २००९ मध्ये चाकणला फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला. जुन्या बाजारातून बुधवारी-रविवारी विकत घेतलेली, प्लग कापून टाकलेली एखादी सिस्टिम यांपैकी कोणत्याही मोटारीत बसवायची वेळ कारागिरावर येऊ शकते.

करार जुळले नाहीत तर

हे प्रकरण फक्त जळलेल्या यंत्रांपुरते नाही. घरगुती विजेत ते जिवावर बेतले आहे. ब्रिटनमध्ये लाल तार विद्युन्मय होती, तर जर्मनीत १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत लाल तार भूसंपर्काची असे. जर्मनीहून आलेल्या उपकरणाला ब्रिटनमधल्या माणसाने स्वतःच्या समजुतीप्रमाणे प्लग बसवला की उपकरणाचे धातूचे आवरणच विद्युन्मय व्हायचे. वायर ओढणारा माणूस निष्काळजी नसे. तो शाळेत शिकलेलेच करत असे. या धोक्यातून युरोपीय देशांनी एकच पद्धत ठरवली : तपकिरी विद्युन्मय, निळी तटस्थ आणि हिरवी-पिवळी पट्ट्यांची भूसंपर्काची. लाल-हिरवा फरक न कळणाऱ्या माणसालाही या तिन्ही तारा वेगळ्या ओळखता येतात. आपल्याकडच्या अनेक उपकरणांच्या वायरीत हेच रंग दिसतात. म्हणून फळ्यावरच्या तीन रेघांशेजारी या तीनही काढाव्यात असे आम्हाला वाटते.

मोटारीच्या रेडिओसाठी असा जागतिक करार १९९० च्या दशकात झाला. आयएसओ १०४८७ या मानकाने आठ-आठ जोडण्यांचे दोन प्लग ठरवले : एक विजेसाठी, दुसरा स्पीकरसाठी. आता रंग पाहायची गरज उरली नाही, प्लगमधली जागाच तारेची ओळख झाली. तरीही फोक्सवॅगनच्या अनेक मोटारींत सतत विजेची आणि चावीची जागा उलटसुलट असे. त्यामुळे कित्येक कंपन्या आपल्या लाल आणि पिवळ्या तारांत मध्येच एक सुटा होणारा सांधा ठेवतात, म्हणजे त्या अदलाबदल करता येतात. मानक झाल्यावरही जुनी सवय कशी उरते, याचा हा छोटासा पुरावा.

तारेलाच विचारावे

मग खात्री कशी करायची? रंगावरून अंदाज करावा आणि मल्टिमीटरने तो तपासावा. मीटरचे काळे टोक सांगाड्याच्या उघड्या धातूला लावायचे. चावी काढलेली असतानाही जिथे सुमारे बारा व्होल्ट दिसतात ती सतत विजेची तार. चावी फिरवल्यावरच दाब येतो ती यंत्राच्या लाल तारेसाठी. दिवे लावल्यावर दाब येतो ती नारिंगीसाठी. स्पीकरच्या तारा यंत्रापासून सोडवून त्यांना दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावला की खर्र आवाज येतो आणि कोणता स्पीकर ते कळते. पडदा बाहेर सरकला तर सेलचे धन टोक स्पीकरच्या धन तारेलाच लागले आहे.

दोन सावधगिऱ्या मात्र आवश्यक. पिवळ्या वेष्टणातल्या किंवा पिवळ्या प्लगच्या सगळ्याच तारा रेडिओच्या नसतात. एअरबॅगच्या तारांनाही बहुधा हाच रंग देतात. आपल्याकडे नव्या मोटारींत चालकासाठी एअरबॅग २०१९ पासून सक्तीची झाल्याने अशा तारा आता बहुतेक डॅशबोर्डमागे आढळतात. त्यांना मीटर किंवा टेस्ट लॅम्प लावूच नये; तेवढ्या प्रवाहानेही पिशवी फुटू शकते. दुसरे म्हणजे, बॉश कंपनीने १९८६ मध्ये मांडलेली ‘कॅन’ ही संदेशवहनाची पद्धत आज सर्वत्र पसरली आहे. अशा काही मोटारींत रेडिओसाठी चावीची वेगळी तार नसतेच. चावी फिरवल्याचा निरोप एकमेकींभोवती पिळलेल्या दोन तारांतून आकडी संदेशाच्या रूपात येतो. तिथे मोटारीचा जोडणी-नकाशा पाहिल्याशिवाय हात घालू नये.

वर्गात हा प्रयोग मोटारीवाचून करता येतो. एक जुना स्पीकर, एक बटण, एक छोटा बल्ब आणि सहा व्होल्टची बॅटरी घ्यावी. सगळ्या जोडण्या एकाच रंगाच्या तारांनी करून त्या पुठ्ठ्याच्या खोक्यात लपवाव्यात आणि फक्त टोके बाहेर ठेवावीत. कोणती तार कशाची, हे मुलांनी मीटर आणि सेल वापरून शोधून काढावे. नंतर त्यांनाच रंग ठरवायला सांगावे. दोन गटांनी ठरवलेले रंग जुळणार नाहीत, आणि एका गटाचे खोके दुसऱ्या गटाच्या हाती दिले की मानक कशासाठी लागते हे त्यांना आपण होऊन कळेल.